‘खट्ट’ नेमकं कधी होतं? पिकअपच्या सस्पेन्शनमधला आवाज शोधताना

माझ्या पिकअपला मध्यंतरी एक आवाज जडला होता. गाडी रिव्हर्स घेतली आणि ब्रेक दाबला की पुढच्या चाकाकडून एक ‘खट्ट’. मग पुढे निघून पहिल्यांदा ब्रेक दाबला की पुन्हा एक ‘खट्ट’. त्यानंतर दिवसभर गाडी गप्प. दगडगोट्यांच्या वाटेवर नेली तरी गप्प. गॅरेजमध्ये मी एवढंच सांगितलं की पुढून आवाज येतो. त्यांनी शॉकअप बदलले, आवाज तसाच. लोअर बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला धरणारे खालचे गोल सांधे, बदलले, आवाज तसाच. काढलेले बॉल जॉइंट मी हातात घेऊन फिरवून पाहिले, तर ते चांगले घट्ट होते. अजून बरंच चालले असते.

चूक कुठे झाली हे नंतर कळलं. आवाज कुठून येतोय हे सगळ्यांनी विचारलं, कधी येतोय हे कोणीच विचारलं नाही. मीही नीट सांगितलं नाही. सस्पेन्शनच्या, म्हणजे चाकं चेसिसला जोडून धक्के झेलणाऱ्या यंत्रणेच्या, बाबतीत ‘कुठून’ हा प्रश्न फसवा आहे, कारण चेसिस म्हणजे लोखंडाची एक लांबलचक सळीच. मागच्या पाट्याच्या (लोखंडी पानांच्या स्प्रिंगच्या) बुशमधला, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळीतला, ठोका तिच्यातून धावत येऊन तुमच्या सीटखाली वाजतो. कान जागा चुकतो. वेळ मात्र चुकत नाही.

ठोका पडतो कसा

सस्पेन्शन म्हणजे शेवटी सांधेच सांधे. कुठे रबरी बुश, कुठे बॉल जॉइंट, कुठे नुसता नटबोल्टने आवळलेला जोड. सांधा झिजला किंवा ढिला झाला की त्यात थोडी पोकळी तयार होते. गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’ येतो. पण नुसत्या पोकळीने आवाज होत नाही. वाऱ्याने दार एका बाजूला ओढून धरलेलं असतं तोवर त्याची ढिली कडी वाजत नाही. वारा फिरला, दार उलट बाजूला गेलं, की कडी खटकते. सांध्याचंही तसंच. त्याच्यावरचा जोर एकाच दिशेने आहे तोवर तो शांत असतो. जोराची दिशा उलटली की तो पोकळी ओलांडून पलीकडच्या भिंतीवर आपटतो, तोच ‘खट्ट’.

ही एक गोष्ट पक्की डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं होतं. खड्डे आणि उंचवटे वर-खाली जोर देतात. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर पुढे-मागे जोर देतात. वळणावर आडवा जोर येतो. आणि एकच चाक दगडावर चढलं की सगळ्या सांध्यांना पीळ बसतो. तुमचा आवाज यातल्या कोणत्या जोराबरोबर येतो, ते ओळखा. निम्मे संशयित तिथेच गळतात. माझ्या गाडीचा आवाज फक्त पुढे-मागेचा जोर उलटताना येत होता, खड्ड्यात येत नव्हता. शॉकअप काम करतो वर-खाली. त्याच्यावर संशय घ्यायचं काही कारणच नव्हतं.

आवाजाला नाव द्या

मराठीत आवाजांना शब्दांची कमतरता नाही आणि इथे त्याचा खरोखर उपयोग होतो. ‘आवाज येतोय’ म्हणण्यापेक्षा नेमका शब्द वापरा.

‘खट्ट’ किंवा ‘ठक्’ म्हणजे एकदाच पडणारा ठोका. ही जोर उलटल्याची खूण: बॉल जॉइंट, आर्मचे (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या दांड्याचे) बुश, ढिला बोल्ट, पाट्याच्या डोळ्यातला बुश. ‘खडखड’ म्हणजे बारीक बारीक, एकापाठोपाठ एक वाजणं. इथे हलकं काहीतरी सुटं असतं. स्टॅबिलायझर बारची (गाडीचं कलणं आवरणाऱ्या आडव्या दांड्याची) लिंक, ब्रेकचे पॅड, सायलेन्सरवरची पत्र्याची ढाल, नाहीतर टूलबॉक्समधला जॅक. ‘करकर’ आणि ‘कुईकुई’ हे घासण्याचे आवाज: कोरडे बुश, पाट्याची पानं, ग्रीस संपलेला बॉल जॉइंट. ‘धाड’ किंवा ‘धप्प’ म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दाबलं जाऊन किंवा पूर्ण ताणलं जाऊन शेवटाला आपटतंय. आणि ‘घूंऽऽ’ असा वेगाबरोबर चढत जाणारा सूर बहुतेक वेळा सस्पेन्शनचा नसतोच. तो फिरणाऱ्या वस्तूचा असतो, म्हणजे व्हील बेअरिंगचा किंवा खडबडीत नक्षीच्या टायरचा. ऑफ-रोड टायर नवे असतानाही गुणगुणतात आणि झिज एकसारखी नसेल तर हुबेहूब खराब बेअरिंगसारखे ओरडतात. रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्यावर सूर बदलला तर टायर धरा. सरळ चालताना येणारा आवाज हलक्या वळणावर एका बाजूला वाढला आणि दुसऱ्या बाजूला कमी झाला तर बेअरिंगकडे पाहा.

आधी गाडी धुवा, मग संशय घ्या

ऑफ-रोड चालणाऱ्या गाडीचा पहिला उपाय पाण्याचा पाइप आहे. चिखल वाळून आर्मच्या बेचक्यात घट्ट बसतो, रिमच्या आतल्या बाजूला चिकटून चाकाचा तोल बिघडवतो. स्किड प्लेटवर (गाडीच्या पोटाखालच्या संरक्षक पत्र्यावर) दगड बसलेला असतो आणि गाडी डोलली की तो गडगडत जातो. ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात एक खडा अडकला तर कानठळ्या बसवणारी किंचाळी निघते. पुष्कळदा गाडी थोडी रिव्हर्स घेतली की तो खडा गळून पडतो.

धुऊन झालं की चाकाचे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) तपासा. हे पहिलं काम आहे, शेवटचं नाही. ढिल्या चाकाचा ‘टक टक’ हा बॉल जॉइंटसारखाच ऐकू येतो आणि त्याच्याहून जास्त धोक्याचा असतो. मग केबिन आणि हौदा रिकामा करा. हौद्याचं मागचं फळकं, खाली टांगलेली स्टेपनी, जॅक, हाय-लिफ्ट जॅकचा स्टँड, छतावरचा रॅक, हे सगळे सस्पेन्शनचं नाव बदनाम करण्यात पटाईत आहेत. फळक्याला एक जाड फडकं दाबून लावा आणि तोच खड्डा पुन्हा घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

एक निरीक्षण इथेच नोंदवून ठेवा: गाडी रिकामी असताना आवाज येतो की भरलेली असताना? रिकाम्या पिकअपचे मागचे पाटे कडक असतात, मागचा भाग उड्या मारतो आणि सुटं असलेलं सगळं वाजतं. भार टाकल्यावरच आवाज आला तर मागचे बंप स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारे रबरी ठोकळे), जास्तीच्या भारासाठी दिलेलं खालचं जाड पान, किंवा भाराने वाकून एकमेकांना टेकणारे भाग तपासायला हवेत. ते जाड पान भार आल्यावर टेकतं तेव्हा हलका ‘ठक्’ होतो. तो दोष नाही.

रस्त्यावरची परीक्षा

एक रिकामी, सुरक्षित जागा आणि शेजारी बसायला एक माणूस हवा. गाणी बंद, पंखा बंद, काचा खाली. एखादी भिंत जवळून जात असेल तर फारच उत्तम, कारण भिंतीवरून आवाज परत येतो आणि कोणत्या बाजूचा आहे ते कळतं.

पहिल्यांदा दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी गतिरोधकावरून हळू न्या. मग त्याच गतिरोधकाच्या कडेने, फक्त एक चाक चढेल असं न्या. स्टॅबिलायझर बारला दोन्ही चाकं एकत्र वर गेली तर फारसं काम नसतं. एक वर आणि दुसरं खाली गेलं की त्याला पीळ बसतो. म्हणून एका चाकाच्या उंचवट्यावर खडखड आणि दोन्ही चाकांच्या उंचवट्यावर शांतता असेल, तर लिंक रॉड किंवा बारला धरणारे डी-बुश यांच्याकडे बोट जातं. खात्री करायची असेल तर दोन्ही बाजूंच्या लिंक सोडवा, बार कशावर आपटणार नाही असा बांधून ठेवा आणि त्याच जागी अगदी हळू चालवून पाहा. एकच बाजू सोडली तर नीट निकाल मिळत नाही. लिंक सोडलेल्या गाडीने वेगाने वळण घेऊ नका, ती नेहमीपेक्षा जास्त कलते.

मग ब्रेक. दहाच्या वेगाने पुढे, ब्रेक. दहाच्या वेगाने मागे, ब्रेक. ही परीक्षा आर्मच्या आतल्या बुशची, ब्रेक कॅलिपरची आणि मागच्या पाट्याची आहे. पुढे जाताना ब्रेक लागला की जमीन चाकाला मागे ढकलते आणि लोअर आर्म मागच्या बाजूला दाबला जातो. रिव्हर्समध्ये नेमकं उलट. कॅलिपरमध्ये पॅड सैल असले तर त्यांचाही असाच ‘टिक्’ येतो, पण तो हलका आणि टणक असतो. आर्मचा ठोका पायाला जाणवतो.

मग ॲक्सिलरेटर. गिअर टाकून निघताना किंवा पाय सोडताना मागून ठोका आला तर सस्पेन्शनच्या आधी प्रॉपेलर शाफ्ट पाहा. त्याच्या दोन्ही टोकांचे क्रॉस झिजले की दिशा बदलताना ठोका देतात. शाफ्टचा सरकणारा जोड कोरडा पडला तर फारच फसवा प्रकार होतो. गाडी सिग्नलला थांबते, क्षणभराने मागून कोणीतरी हलकेच धडकल्यासारखा ‘धप्’ होतो. ब्रेक लावताना पाटे वळलेले असतात, थांबल्यावर ते सुटतात, पण कोरडा जोड आधी अडकतो आणि मग एकदम सरकतो. तिथे ग्रीस निपल असेल तर ग्रीस गनचे काही झटके पुरतात. यासाठी पाट्यांचे सगळे बुश बदलून बसलेली माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्यांचं वाईट वाटतं.

शेवटी उभ्या गाडीत स्टिअरिंग. इंजिन चालू, गाडी जमिनीवर, आणि सोबत्याने स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवायचं. तुम्ही बाहेरून टाय रॉडच्या (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतच्या दांड्याच्या) सांध्यावर बोटं ठेवा. ढिला सांधा हाताला आधी कळतो, कानाला नंतर. करकर येत असेल तर अप्पर आर्मच्या टोकाला, बॉल जॉइंटजवळ हात लावा. कोरडा बॉल जॉइंट वाळू भरल्यासारखा थरथरतो. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये किंवा स्टॉपजवळ बोटं कधीही घालू नका.

बॉल जॉइंट: जॅक कुठे लावता त्यावर उत्तर ठरतं

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि इथलीच चूक सगळ्यात महाग पडते. बॉल जॉइंट निसटला तर चाक बाहेरच्या बाजूला कोलमडतं आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते.

आजच्या बऱ्याचशा पिकअपना पुढे दोन आर्म असतात, एक वर आणि एक खाली, आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असते. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू डी-मॅक्स ही ओळखीची उदाहरणं. जीप ग्लॅडिएटरसारख्या काही गाड्यांना पुढेही अखंड ॲक्सल असतो, तिथलं गणित वेगळं. दोन आर्मच्या मांडणीत गाडीचं वजन स्प्रिंगमधून लोअर आर्मवर आणि तिथून लोअर बॉल जॉइंटवर येतं. म्हणजे रस्त्यावर तो सांधा कायम दाबलेला असतो.

आता समजा तुम्ही चेसिसखाली जॅक लावून गाडी उचलली. चाक लटकलं. पण स्प्रिंग अजूनही आर्मला खाली ढकलतेच आहे, त्यामुळे सांध्यावरचा भार अजूनही तसाच आहे. चाक कितीही हलवा, प्ले लपून बसतो आणि झिजलेला सांधा पास होतो. म्हणून अशा मांडणीत जॅक लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितका जवळ लावता येईल तितका लावायचा. चाक जमिनीपासून थोडंसंच उचलायचं. आता स्प्रिंगचा जोर जॅक झेलतो आणि सांधा मोकळा होतो. टायरखाली लांब टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच वर उचला आणि सोबत्याला सांध्याकडे बघायला सांगा. काही जुन्या गाड्यांत टॉर्शन बार किंवा स्प्रिंग अप्पर आर्मला जोडलेली असते. तिथे भार वरच्या सांध्यावर असतो, म्हणून अप्पर आर्म आणि चेसिसमध्ये लाकडी ठोकळा अडकवून चेसिसवरून उचलावं लागतं. साधा नियम एवढाच: स्प्रिंग ज्या आर्मवर, भार त्या आर्मच्या सांध्यावर, आणि तपासताना तो भार काढून घ्यायचा.

काही बॉल जॉइंटमध्ये नवे असतानाही किंचित प्ले असतो. किती चालतो ते त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. नुसत्या नजरेवर सांधा फेल करू नका.

मग चाक घड्याळाच्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलवा. हललं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. दोघांत निवाडा करायची युक्ती सोपी आहे: सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक लागला की हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) आणि नकल (त्याला धरणारा, बॉल जॉइंटना जोडलेला भाग) जणू एकच होतात, मधल्या बेअरिंगचा प्ले नाहीसा होतो. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही हललं तर बॉल जॉइंट. 3 आणि 9 च्या जागी धरल्यावर हललं तर टाय रॉड किंवा स्टिअरिंग रॅक.

आणि हे सगळं करताना गाडी नुसत्या जॅकवर असेल तर तिच्याखाली जायचं नाही. चेसिसला जॅक स्टँडचा आधार असू द्या, उरलेल्या चाकांना अटकाव लावा. भाग कोणताही खराब असो, त्यासाठी जीव धोक्यात घालावा असा तो नाही.

मागचे पाटे

पाट्यांची रचना जुनी आणि साधी. लोखंडी पानांची चळत, पुढचं टोक चेसिसला बुशमधून पक्कं, मागचं टोक शॅकलवर (हलत्या कडीवर) झुलतं, मधोमध यू-बोल्टनी ॲक्सल आवळलेला. पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: गाडीला पुढे ढकलणारा सगळा जोरही याच पाट्याच्या पुढच्या डोळ्यातून चेसिसपर्यंत जातो. म्हणून पुढच्या डोळ्याचा बुश गेला की निघताना आणि ब्रेक लावताना मागून ठोका येतो. टॉमीने डोळा पुढे-मागे ढकलून पाहा. रबर फाटून आतली नळी एका बाजूला सरकलेली दिसते.

कुईकुई मात्र बहुतेक वेळा पानांच्या टोकांची असते. पाटा दाबला जातो तेव्हा पानं एकमेकांवर सरकतात. टोकांशी प्लास्टिकच्या किंवा रबराच्या चकत्या असतात, त्या झिजल्या की लोखंड लोखंडावर घासतं. पावसात किंवा गाडी धुतल्यावर कुईकुई थांबून वाळल्यावर परत आली तर समजा की हीच जात आहे. याचा फायदा घेऊन शोधही घेता येतो: फवाऱ्याच्या बाटलीने एका वेळी एकाच जागी पाणी मारा आणि सोबत्याला हौदा दाबून हलवायला सांगा. ज्या जागी पाणी मारल्यावर आवाज थांबला, ती जागा सापडली. ही युक्ती पुढच्या रबरी बुशनाही चालते. फक्त पाण्याऐवजी इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस रबरावर मारू नका, पेट्रोलियमच्या तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉनचं चालतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती यू-बोल्टची. ॲक्सल जागेवर राहतो तो त्यांच्या आवळण्यामुळे. मधला सेंटर बोल्ट पानं एकत्र ठेवतो आणि ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसून जागा दाखवतो. एकट्याने सगळा भार झेलायला तो बनवलेला नाही. यू-बोल्ट ढिले पडले की ॲक्सल सूक्ष्म सरकू लागतो, सेंटर बोल्टवर कातरीसारखा दाब येतो आणि तो एके दिवशी तुटतो. त्याच्या आधी ब्रेकला ठोका येतो, बैठकीभोवती तांबूस भुकटी दिसते. ती भुकटी म्हणजे दोन लोखंडी भाग एकमेकांवर घासल्याची साक्ष. खात्रीसाठी दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही आकड्यांत फरक पडला तर ॲक्सल सरकलाय.

पान तुटलं तर ते नेहमी धाडकन कळतं असं नाही. आवळलेल्या जागेजवळ एक बारीक गंजाची रेघ, गाडी एका बाजूला किंचित बसलेली, इतकंच. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजत जा. हा प्रकार किरकोळ समजू नका. 2014 मध्ये टोयोटाने अमेरिकेत 2005 ते 2011 या मॉडेल-वर्षांच्या सुमारे 6 लाख 90 हजार टॅकोमा पिकअप मागच्या पाट्यांच्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. पान तुटून शेजारच्या भागांना, अगदी इंधनाच्या टाकीलाही लागू शकतं, हे कारण होतं.

शॉकअप आणि उंची वाढवलेली गाडी

शॉकअपवर सगळे आधी संशय घेतात. तेल गळून ओला झाला असेल, दांडा वाकला असेल, वरचा-खालचा बुश खाल्ला गेला असेल, तर संशय बरोबर. पण कोपरा दाबून गाडी किती वेळा हलते ते पाहण्याची परीक्षा पिकअपवर फारसं काही सांगत नाही, स्प्रिंगच इतक्या कडक असतात. चालताना येणारा हलका ‘सूंऽ’ हा तेल झडपांतून जाण्याचा आवाज आहे, तो असायचाच. सलग खडबडीत रस्त्यावर शॉकअप तापतो, तेलात फेस होतो आणि पकड सुटते. थंड झाल्यावर परत ठीक झाला तर तो फक्त दमला होता. शॉकअप काढून हाताने हळू दाबून ओढून पाहा. दिशा बदलताना दांडा काही अंतर फुकट सरकला तर आतलं काम संपलंय. मात्र दोन नळ्यांचा शॉकअप आडवा पडून राहिला असेल तर नवाही असा वागतो. उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण चालवल्याशिवाय निकाल देऊ नका.

उंची वाढवलेल्या गाडीचे आवाज वेगळ्या कारणाचे असतात. किटने गाडी वर जाते, पण चाकाचा एकूण प्रवास तेवढाच राहतो. वर जाण्यासाठी जास्त जागा मिळाली ती खाली जाण्याच्या जागेतून काढलेली असते. त्यामुळे उंचवट्यावरून उतरताना चाक लटकतं, शॉकअप पूर्ण ताणला जाऊन ‘ठाप’ वाजतो, किंवा अप्पर आर्म स्प्रिंगला नाहीतर वरच्या स्टॉपला टेकतो. चढताना नाही, उतरताना वाजतं, ही त्याची ओळख. टेकल्याच्या जागी रंग उडून लोखंड चकाकतं, टॉर्चने बघितलं की दिसतं. शॉकअप दोन्हीपैकी कोणत्या टोकाला पोचतो ते कळायला दांडा उघडा दिसत असेल तर त्यावर एक प्लास्टिकची टाय सैलसर बांधा आणि फेरी मारून या. शॉकअप दाबला जातो तशी टाय दांड्यावर सरकत जाते आणि सगळ्यात जास्त दाब कुठवर आला ते दाखवते. पार टोकाला गेली असेल तर शॉकअप तळाला आपटतोय. मधेच थांबली असेल आणि तरी ठोका येत असेल तर तो ताणण्याच्या बाजूचा समजा.

पॉलियुरेथेनचे कडक बुश बसवले असतील तर करकर ऐकू आली म्हणून घाबरू नका. ते रबरासारखे पिळत नाहीत, नळीवर फिरतात, आणि त्यांना त्यांचं खास सिलिकॉन ग्रीस अधूनमधून लागतंच.

रंगाची रेघ

माझ्या ‘खट्ट’कडे परत येतो. बुश टॉमीने ढकलून पाहिले, चांगले होते. चाक हलवून पाहिलं, घट्ट होतं. मग एक साधी गोष्ट केली. पांढऱ्या रंगाच्या मार्करने पुढच्या सगळ्या बोल्टवर रेघा ओढल्या, नटाच्या डोक्यावरून थेट ब्रॅकेटपर्यंत, अखंड. पाच-सहा वेळा पुढे-मागे ब्रेक मारले आणि टॉर्च घेऊन खाली वाकलो. सगळ्या रेघा सरळ होत्या. फक्त लोअर आर्मच्या मागच्या बोल्टवरची मोडली होती. नटावरचा तुकडा ब्रॅकेटवरच्या तुकड्यापासून जेमतेम तीन मिलिमीटर बाजूला गेला होता.

त्या बोल्टला अलाइनमेंटसाठी एक चकती असते, तिचं भोक मधोमध नसून बाजूला सरकलेलं असतं. ती फिरवली की आर्म थोडा आत-बाहेर सरकतो आणि चाकाचा कोन बदलतो. काही महिन्यांपूर्वी अलाइनमेंट करून घेतली होती, तेव्हा तो नट पूर्ण आवळला गेला नव्हता. ब्रेक लागला की आर्म एकदा सरकायचा, खट्ट, आणि तिथेच टेकून राहायचा. पुढचे ब्रेक त्याच दिशेचे, म्हणून दिवसभर शांत. रिव्हर्स घेतल्यावरच तो परत यायचा. खड्ड्यात आवाज नव्हता, कारण वर-खालीचा जोर त्याला सरकवत नव्हता.

त्यामुळे नट आवळण्याविषयी एक शेवटची पण फार महत्त्वाची गोष्ट. रबरी बुशचे बोल्ट गाडी लटकलेली असताना शेवटचे आवळू नका. या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. ते फिरत नाही, पिळतं. आर्म खाली लटकलेला असताना बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं, करकरतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हलके बसवा, गाडी चाकांवर उतरवा, एक-दोनदा दाबून बसू द्या, मग टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. आर्मचा अलाइनमेंटचा बोल्ट सोडला असेल तर त्यानंतर अलाइनमेंट पुन्हा. यू-बोल्ट काढले असतील तर नवेच घाला, आवळताना ते ताणले गेलेले असतात, आणि साधारण 500 किलोमीटरनंतर परत एकदा टॉर्क तपासा.

मी तो नट सोडला, गाडी जमिनीवर ठेवून अलाइनमेंट करून घेतली आणि आवळताना शेजारी उभा राहिलो. त्यावर नवी रेघ ओढली. रिव्हर्स घेतलं, ब्रेक दाबला. काही नाही. पुढे आलो, ब्रेक दाबला. काही नाही. लांबच्या वाटेवरून आलो की अजूनही टॉर्च घेऊन त्या रेघा पाहतो. त्या सध्या सगळ्या अखंड आहेत.